पट्टीवरचा बिनबोलावता पाहुणा

घरात संगणक येतो तेव्हा पहिले काही महिने सगळे नीटनेटके असते. पडद्याच्या तळाशी जी लांब पट्टी दिसते, जिला टास्कबार म्हणतात, तिच्यावर चार-पाच ओळखीची चित्रे असतात. मग एके दिवशी त्यांच्या शेजारी एक अनोळखी चित्र येऊन बसते. मुलगा म्हणतो मी नाही आणले, सून म्हणते मी नाही. काढून टाकले तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा हजर! हा पाहुणा कोण, त्याला ठेवावे की घालवावे आणि घालवायचे तर कसे, ते आज पाहू. विंडोज १० आणि विंडोज ११ असलेल्या घरांसाठी हे लिहिले आहे.

पहिली गोष्ट, चित्रावर लगेच टिचकी मारू नका. माउसचा बाण नुसता त्याच्यावर न्या आणि क्षणभर थांबा. बहुतेक वेळा नाव उमटते. ते जसे दिसेल तसे वहीत उतरवून घ्या. कधी कधी बाण नेताच चित्र नाहीसे होते. तसे झाले तर तो कार्यक्रम आधीच बंद पडला होता, नुसते चित्र मागे राहिले होते असे समजा, आणि कामाला लागा.

दुसरी गोष्ट, चित्र बसले आहे कुठे ते पाहा. पट्टीच्या डाव्या बाजूला, किंवा विंडोज ११ मध्ये मधोमध, असेल तर ती बहुधा एखाद्या कार्यक्रमाकडे जाणारी वाट आहे. अगदी उजव्या टोकाला, घड्याळाच्या शेजारी असेल, तर तो कार्यक्रम त्या क्षणी आतून चालू आहे. हा फरक ध्यानात ठेवा, कारण उपाय त्यावरच ठरतो.

डावीकडच्या किंवा मधल्या चित्रावर माउसचे उजवे बटण दाबले की छोटी यादी उघडते. तीत ‘अनपिन फ्रॉम टास्कबार’ असे असेल तर ते निवडा. चित्र जाईल. पण ही झाली हराळी वरून खुरपण्याची रीत! वाट बुजली, कार्यक्रम संगणकात तसाच राहिला. तो निरुपद्रवी असेल तर एवढे पुरे. चित्र पुन्हा उगवले तर मात्र काशी खणून काढल्या पाहिजेत. त्यासाठी सेटिंग्ज उघडा, त्यात अ‍ॅप्स, आणि त्यात ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ (विंडोज १० मध्ये ‘अ‍ॅप्स अँड फीचर्स’). यादी तारखेप्रमाणे लावता येते, तशी लावा. चित्र दिसू लागले त्या सुमारास कोणते कार्यक्रम आत आले ते वर दिसतील. वहीतले नाव त्यांत सापडले की ‘अनइन्स्टॉल’ करा.

हे कार्यक्रम येतात कुठून? बहुधा आपणच दार उघडलेले असते. एखादा फुकटचा कार्यक्रम उतरवताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत गेले की सोबत आणखी दोन आत शिरतात. त्यांच्या चौकटींत आधीच बरोबरची खूण केलेली असते, ती आपण वाचत नाही. बाजारात बैलाबरोबर कोणी फुकट दावे देऊ लागला तर आपण दावे उलटून पाहतो. इथेही तेच करावे.

काही चित्रे मात्र विंडोजवाल्यांनीच आणून बसवलेली असतात. हवामान आणि बातम्यांचे चित्र त्यातलेच. २०१५ च्या जूनमध्ये तर मोठी गंमत झाली. विंडोज ७ आणि ८.१ असलेल्या असंख्य संगणकांवर घड्याळाशेजारी एक पांढरी खिडकी उगवली. विंडोज १० फुकट घ्या, असा तिचा आग्रह होता. लोकांनी ती आणणारी दुरुस्ती काढून टाकली तरी ती परत येई. तो आग्रह २९ जुलै २०१६ ला फुकट देण्याची मुदत संपेपर्यंत चालला. पुढे २०२० मध्ये विंडोज १० वर ‘मीट नाऊ’ नावाचे कॅमेऱ्याचे चित्र न विचारता आले. ते स्काइपचे होते, आणि स्काइप ५ मे २०२५ पासून बंद आहे. एखाद्या जुन्या यंत्रावर ते अजून दिसत असेल तर त्याची भीती नको आणि गरजही नको. कंपनीने आणले म्हणजे ते आपल्याला हवेच, असे थोडेच आहे?

ही कंपनीची चित्रे अनइन्स्टॉलच्या यादीत शोधत बसू नका. पट्टीच्या रिकाम्या जागेवर उजवे बटण दाबून ‘टास्कबार सेटिंग्ज’ उघडा. विंडोज ११ मध्ये शोध, विजेट्स वगैरेंची बटणे तिथे ओळीने आहेत, नको ते बंद करा. विंडोज १० मध्ये बातम्यांचे चित्र घालवायला रिकाम्या जागेवर उजवे बटण दाबून ‘न्यूज अँड इंटरेस्ट्स’मध्ये ‘टर्न ऑफ’ निवडा.

आता घड्याळाशेजारच्या चित्रांकडे वळू. इथे जरा थांबून वाचा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘स्टार्टअप’ भागात, संगणक सुरू होताच कोण कोण आपोआप जागे होते त्याची यादी असते. छपाईयंत्राचा कार्यक्रम, आवाजाचा कार्यक्रम अशी घरची मंडळी त्यात असतात. नको असलेल्या नावावर उजवे बटण दाबून ‘डिसेबल’ करा. याने काही पुसले जात नाही, फक्त आपोआप सुरू होणे थांबते. संगणक हळू चालत असेल तर तोही थोडा हलका होतो.

पण वहीतले नाव एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा तशा कशाचे असेल, तर हे वाचून बाजूला ठेवू नका. हे कार्यक्रम वाईट नाहीत. दूर बसलेल्या माणसाला आपला संगणक दिसावा आणि चालवता यावा म्हणून ते केलेले आहेत, आणि पुण्याला नोकरी करणारा मुलगा त्यावरून गावच्या घरचे यंत्र दुरुस्त करू शकतो. मात्र त्याच सोयीचा उपयोग भामटे करतात. फोन येतो की तुमचा हप्ता अडकला आहे, किंवा उसाचे बिल खात्यावर जमा होत नाही, किंवा संगणकात व्हायरस शिरला आहे. एवढा कार्यक्रम उतरवा आणि पडद्यावरचा आकडा सांगा, म्हणजे आम्ही इथूनच नीट करतो. आकडा सांगितला की घराची किल्ली दिली. रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीत एनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल बँकांना सावध केले होते.

फोन संपला तरी कार्यक्रम संगणकात राहतो. त्यात कायमचा परवलीचा शब्द घालून ठेवलेला असेल, तर पुढे कुणाला न विचारता, संगणक चालू आणि इंटरनेट जोडलेले असेल तेव्हा, तो माणूस आत येऊ शकतो. म्हणून इथे चित्र नुसते लपवणे हे सर्वांत वाईट. चोर घरातच राहिला आणि आपण डोळे मिटले!

घरातल्या कुणीच हा कार्यक्रम जाणून घातलेला नसेल, तर आधी इंटरनेट तोडा, म्हणजे तार उपसा किंवा वायफाय बंद करा. नंतर तो अनइन्स्टॉल करा. बँकेचे आणि ईमेलचे परवलीचे शब्द बदलायचे ते या संगणकावरून नव्हे, दुसऱ्या चांगल्या यंत्रावरून. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर शरमेने गप्प बसू नका, सकाळची वाट पाहू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितके लवकर कळेल तितकी पैसा मधेच अडवण्याची शक्यता जास्त. घरातल्या मुलाकडून किंवा वडिलांकडून हे झाले असेल, तर रागावणे दुसऱ्या दिवशी करा. रागाच्या भीतीने माणूस दोन दिवस लपवतो, आणि तेवढ्यात पैसा हातचा जातो.

नाव काही बोध होणारे नसेल, किंवा काढूनही चित्र परत येत असेल, तर ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मधल्या ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडा. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि साधारण पंधरा मिनिटे तपासणी चालते. उघडी कामे आधी जतन करा, आणि वीज जाणार नाही अशी वेळ धरा. झेरॉक्सच्या दुकानात फिरून आलेला पेनड्राइव्हही त्याच दिवशी तपासून घ्या.

कोपऱ्यात वर सरकत येणारी ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस’ असली पाटी मात्र वेगळी. ती बहुधा क्रोमसारख्या ब्राउझरमधून येते, कधीतरी कुठल्या तरी संकेतस्थळाला ‘अलाऊ’ म्हटल्यामुळे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘साइट सेटिंग्ज’ आणि त्यात ‘नोटिफिकेशन्स’ उघडून ते नाव काढून टाका. पाटीवरचा फोन नंबर फिरवू नका.

विंडोज १० वाल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. त्याचा नेहमीचा सुरक्षा-पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला. त्या यंत्रावर बँकेचे काम करत असाल तर ते विंडोज ११ पेलते का, ते जाणकाराकडून पाहून घ्या.

आणि घड्याळाशेजारी ई, एन, जी ही तीन इंग्रजी अक्षरे दिसत असतील, तर ती खुशाल राहू द्या. ती टंकाची भाषा दाखवतात. मराठी कीबोर्ड घातलेला असेल तर विंडोजचे बटण धरून स्पेसबार दाबा. भाषा बदलेल आणि तलाठ्याकडे द्यायचा अर्ज मराठीत लिहिता येईल.