हर्निया-शस्त्रकर्मोत्तर वेदना : आपले कर्तव्य आणि आपली मर्यादा

दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांत एक वर्ग असा असतो की ज्याची फाईल जाड असते आणि तक्रार मात्र एका ओळीची असते : "ऑपरेशन चांगलं झालं म्हणतात, पण जांघेतलं दुखणं काही जात नाही." जखम भरलेली, टाके निघालेले, सोनोग्राफीचा अहवाल निर्दोष. शल्यचिकित्सकांच्या लेखी काम पूर्ण झालेले असते. रुग्णास मात्र मांडी घालून जेवता येत नाही, दुचाकीला किक मारता येत नाही, पँटचा पट्टा बांधला की आग होते. अशा वेळी कोणीतरी त्याला 'आयुर्वेदाचे करून पाहा' असे सुचवितो आणि तो आपल्या दारी येतो. या रुग्णाला आपण काय देतो, याचा परखड विचार व्हावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. इटलीच्या बासिनी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वंक्षणातील हर्नियाच्या शस्त्रकर्माला शास्त्रशुद्ध पाया दिला. 1980 च्या दशकात अमेरिकेत लिख्टेनश्टाईन यांनी पॉलिप्रॉपिलीनच्या जाळीची, ऊतींवर ताण न येणारी पद्धत रूढ केली. जाळीमुळे हर्निया पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण पुष्कळ घटले, हे निर्विवाद आहे. मात्र पुनरुद्भवाची चिंता मिटू लागली, तशी दुसरी चिंता ठळकपणे पुढे आली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार शस्त्रकर्मानंतर 3 महिन्यांहून अधिक काळ टिकणारी, लक्षणीय वेदना सुमारे 10 ते 12 टक्के रुग्णांत आढळते. दैनंदिन कामकाज अडविणारी तीव्र वेदना 0.5 ते 6 टक्के रुग्णांत राहते. तरुण वय, स्त्री रुग्ण, शस्त्रकर्मापूर्वीच असलेली अधिक वेदना, शस्त्रकर्मानंतर लगेचची तीव्र वेदना आणि पुन्हा उद्भवलेल्या हर्नियाचे शस्त्रकर्म, ही त्याची ज्ञात जोखीम-कारणे होत. तेव्हा 'हा मनाचा खेळ आहे' असे म्हणून रुग्णाची बोळवण करणे शास्त्रास धरून नाही. ती बोळवण कोणत्या पॅथीच्या चिकित्सकाने केली, याने काहीच फरक पडत नाही.

आपल्यापैकी अनेकजण याच्या नेमके उलट टोक गाठतात. 'जाळी म्हणजे शल्य. शल्य आत असेपर्यंत शूल राहणारच,' असे रुग्णास ठामपणे सांगितले जाते. सुश्रुताचार्यांचा प्रनष्टशल्याचा विचार अमोलच आहे. परंतु तो अशा घाईने जाळीवर चिकटविणे आम्हास मान्य नाही. पुण्याचे शल्यचिकित्सक डॉ. मोहन देसरडा यांनी जाळीविना, उदराच्या बाह्य तिर्यक स्नायूच्या कंडरापटलाची पट्टी वापरून करावयाची पद्धत 2001 मध्ये प्रसिद्ध केली. महाराष्ट्रास अभिमान वाटावा असे हे कार्य आहे. या पद्धतीची जाळीच्या पद्धतीशी तुलना करणारी पोलंडमधील चाचणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत 3 वर्षांच्या अंती पुनरुद्भव आणि चिरकारी वेदना दोन्ही गटांत लक्षणीय फरकाविना आढळल्या. याचा अर्थ सरळ आहे. वेदनेचे मूळ केवळ जाळीत शोधून चालणार नाही. ज्या प्रदेशात शस्त्र चालले, त्या प्रदेशाची रचनाच समजून घ्यावी लागेल.

या प्रदेशातून तीन वातनाड्या जातात : इलिओ-इंग्वायनल, इलिओ-हायपोगॅस्ट्रिक आणि जेनिटो-फिमोरल नाडीची जननेंद्रियाकडील शाखा. यांपैकी एखादी कापली गेली, टाक्यात अडकली वा व्रणवस्तूत गुरफटली, की दाह, विजेचा झटका बसल्यासारखी कळ, बधिरपणा आणि नुसत्या वस्त्रस्पर्शाने होणारी वेदना अशी लक्षणे दिसतात. दुसऱ्या प्रकारात नाडी निर्दोष असते; परंतु व्रणाचा ताठरपणा वा जघनास्थीवरील टाक्यामुळे ओढ लागते, बोट ठेवून दाखविता येईल असे ठणकते. तिसऱ्या प्रकारात वेदना वृषणात उतरते, क्वचित शुक्रप्रवृत्तीच्या वेळी होते. येथे आपल्याला विटप मर्माचे स्मरण व्हावे. वंक्षण आणि वृषण यांच्यामधील या स्नायुमर्माला सुश्रुताचार्यांनी वैकल्यकर म्हटले, आणि त्याच्या आघाताने षांढ्य वा अल्पशुक्रता येते असे सांगितले. आधुनिक नकाशा आणि प्राचीन मर्मविचार यांना ओढूनताणून एक करण्याचे कारण नाही. मात्र 'हा प्रदेश जपावयाचा' हा इशारा दोन्हीकडे सारखाच आहे.

आता आमची एक चूक सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी बाजार समितीत हमाली करणारा, चाळिशीच्या आतला रुग्ण आमच्याकडे आला. शस्त्रकर्म होऊन दीड वर्ष झाले होते. 'वातज शूल' असे निदान लिहून आम्ही स्थानिक स्नेहन आणि पिंडस्वेद सुरू केला. तिसऱ्या दिवशी जांघेवर मोठा फोड उठला. त्या भागाची त्वचा बधिर होती. पोटलीची उष्णता रुग्णास कळलीच नव्हती. कापसाच्या बोळ्याने स्पर्श तपासण्यास अर्धे मिनिटही लागले नसते. ते आम्ही केले नाही. फोड बरा झाला. त्यानंतर रीतसर तपासणी करून आम्ही त्यास वेदना-चिकित्सकाकडे पाठविले. भूल देऊन नाडी बधिर करताच वेदना थांबली, म्हणजे दोष नाडीचा हे निश्चित झाले. त्यांची औषधे आणि आमची चिकित्सा बरोबरीने चालली. चार महिन्यांनी, त्याच्याच शब्दांत, दुखणे 'दहातले आठ होते ते तीनवर आले'. तो पूर्ण बरा झाला असे आम्ही म्हणत नाही. यश कोणाच्या औषधाचे किती, हेही आम्ही सांगू शकत नाही. पण तो पुन्हा कामावर गेला.

या अनुभवातून काही आग्रह आम्ही वैद्यबंधूंपुढे मांडतो.

पहिला आग्रह तपासणीचा. रुग्णास उभे करून, खोकावयास लावून हर्निया पुन्हा उद्भवला नाही ना, हे पाहावे. ताप, लाली, स्राव, वाढती सूज, वृषणाचा आकार घटणे, न बसणारी कठीण गाठ, उलट्या यांपैकी काहीही आढळल्यास औषध न देता त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. स्पर्श तपासावा, वेदनेचा नकाशा केसपेपरवर काढावा आणि शून्य ते दहा असा अंक प्रत्येक भेटीत लिहावा.

दुसरा आग्रह निषेधाचा आहे, आणि तो काहींना रुचणार नाही. जाळी असलेल्या जागी विद्धकर्म, अग्निकर्म वा जळू लावणे आम्ही सर्वथा वर्ज्य मानतो. आंत्रवृद्धीत वंक्षणी अग्निकर्म सांगितले आहे, हे आम्ही जाणतो. परंतु ते शस्त्रकर्म न झालेल्या शरीरासाठी आणि मार्ग रोखण्यासाठी आहे. जाळीस जंतुसंसर्ग झाल्यास ती काढण्याचा प्रसंग येऊ शकतो. ग्रंथाधार दाखवून ती हानी भरून निघणार नाही.

तिसरा आग्रह चिकित्सेच्या क्रमाचा. वेदना कोठेही असो, कुंथण्याने ती वाढते. म्हणून मलावष्टंभ आणि कास यांचा विचार प्रथम करावा. वृद्धिरोगात एरंडतैलाचे महत्त्व आपण सर्व जाणतो. वातानुलोमनासाठी त्याचा अल्प मात्रेत उपयोग करावा. सहचर तैल वा तत्सम वातघ्न तैलाची सुमारे 60 मि.लि. मात्राबस्ती बहुतेक रुग्णांस सोसते. शस्त्रनिपातज वेदनेवर यष्टिमधुसिद्ध कोष्ण घृताचा परिषेक सुश्रुताचार्यांनी सांगितला आहे. तो ताज्या व्रणासाठी आहे. भरलेल्या व्रणावर, स्पर्शज्ञान तपासून, सोसेल इतक्याच उष्णतेने हलक्या हाताने स्नेह लावण्यास हरकत नसावी. निद्रा आणि मनाची खचलेली उभारी हीसुद्धा चिकित्सेचाच भाग आहे. मात्र या उपायांचा याच विशिष्ट वेदनेवरील पुरावा तुटपुंजा आहे, हे रुग्णास सांगण्याचा प्रामाणिकपणा आपण दाखवावा.

औषधालयचालकांनाही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. 'हर्नियाच्या दुखण्यावर काहीतरी द्या' म्हणणाऱ्या ग्राहकास महिनोन्‌महिने डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या देणे जठर आणि वृक्क यांच्या जिवावर उठणारे आहे. लेबल नसलेल्या, 'एका पुडीत आराम' देणाऱ्या चूर्णांत स्टिरॉइड असण्याची शक्यता आपणास ठाऊक आहे. ती पुडी आपल्या फळीवर नसावी. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यास गुग्गुळकल्प वैद्यास विचारल्याविना देऊ नयेत. बधिर जांघेवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, एवढे सांगण्यास तर कोणत्याही परवान्याची गरज नाही.

नोव्हेंबर 2020 च्या अधिसूचनेने शल्य आणि शालाक्य शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी 58 शस्त्रकर्मांची यादी जाहीर झाली, तेव्हा देशभर वाद झाला. शस्त्र कोणी हाती धरावे, यावर दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलले गेले. शस्त्रकर्मानंतर वर्षभर दुखणाऱ्या रुग्णाचे काय करावे, हे त्या गदारोळात फारसे कोणी विचारले नाही. आमच्या मते शस्त्राचा अधिकार मागणाऱ्या शास्त्राने पश्चात्कर्माची जबाबदारी आधी घ्यावी. कारण पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म हा त्रिविध विचार आपल्याच परंपरेने दिला आहे.

म्हणून परिषदेच्या प्रत्येक जिल्हा शाखेने अशा रुग्णांची साधी नोंदवही ठेवावी, अशी आमची सूचना आहे. शस्त्रकर्माची तारीख, पद्धत, वेदनेचा प्रकार, आरंभीचा अंक, दिलेली चिकित्सा आणि सहा महिन्यांनंतरचा अंक एवढे सहा रकाने पुरेत. गुण न आलेले रुग्णही त्यात प्रामाणिकपणे लिहावेत. आमच्या त्या हमाल रुग्णाच्या फोडाची नोंद आम्ही स्वतः पहिल्या पानावर करणार आहोत.