आधी ठिपके, मग आकडा

‘दोन्हींत घट्ट संबंध आहे; सहसंबंध गुणांक ०.८२!’ असे कुणी छातीठोकपणे सांगितले की सभेत माना डोलतात. खरे तर त्याच क्षणी कुणीतरी म्हणायला हवे : आधी ठिपके दाखवा.

आकडेमोड तेवढी काटेकोर आणि आलेख म्हणजे ढोबळ काम, हा समज जुना आहे. तो मोडण्यासाठी संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ साली माहितीचे चार संच मुद्दाम बेतले. प्रत्येकात ‘क्ष’ आणि ‘य’ यांच्या ११ जोड्या. चारही संचांत ‘क्ष’ची सरासरी ९, ‘य’ची ७.५, गुणांक ०.८२च्या आसपास आणि त्यांतून निघणारी सरळ रेषाही तीच. हिशेबात चौघे जुळे भाऊ; आलेखावर मात्र एकाचे तोंड दुसऱ्यासारखे नाही. पहिल्यात ठिपके थोडे विस्कटलेले, पण चढते. गुणांक सरळ बोलतो तो इथेच. दुसऱ्यात त्यांची कमान होते : ‘क्ष’ ११ होईपर्यंत चढ, पुढे उतार. तिसऱ्यात दहा ठिपके दोरी धरल्यासारखे एका रेषेत, एकच उसळलेला. तो बोटाने झाकला तर गुणांक थेट १च्या घरात. चौथ्यात दहा ठिपके ८वर उभ्या रांगेत आणि अकरावा लांब १९वर. तो वगळला तर गुणांक काढताच येत नाही. ‘क्ष’ जागचा हलतच नाही, तर त्याच्याबरोबर काय हलते हे कसे सांगणार?

ठिपके वाचणे अवघड नाही. डावीकडून उजवीकडे चढले तर संबंध धन, उतरले तर ऋण. ही झाली दिशा. बळ निराळे. ते चढ किती उभा यावर नव्हे, ठिपके रेषेला किती बिलगून आहेत यावर ठरते. अक्षाचे माप बदलून साध्या उताराचा घाट करून दाखवता येतो. गुणांक तसूभरही बदलत नाही. उणे ०.९ हा संबंध अधिक ०.४पेक्षा कितीतरी बळकट. उणे चिन्ह म्हणजे दुबळेपणा नव्हे. शून्य म्हणजे ‘संबंध नाही’ असेही नव्हे. पाणी कमी पडले तरी पीक जाते आणि रानात साचून राहिले तरी जाते. असे ठिपके कमानीत बसतात आणि गुणांक शून्याजवळ येऊ शकतो. म्हणून पिकाचा पाण्याशी संबंध नाही, असे कोणता शेतकरी मान्य करील?

संबंध म्हणजे कारण नव्हे, हे आता बहुतेकांना पाठ झाले आहे. पण त्याआधीची पायरी, संबंध आहे तरी कसा हे डोळ्यांनी पाहण्याची, तीच आपण गाळतो. अकरा ठिपके शाळकरी पोर आलेखवहीत पाच मिनिटांत मांडते. संगणक हाताशी असूनही ज्याला तेवढी तसदी घ्यावीशी वाटत नाही, त्याच्या ०.८२ला मान डोलावण्याची घाई आपण का करावी?