पावतीवर मायक्रॉन लिहून घ्या

बारामती व इंदापूरच्या बाजारात दुकानांच्या लाकडी चौकटी जाऊन अ‍ॅल्युमिनियम आले. या फॅब्रिकेशनच्या कामात आपले तरुण कारागीर आहेत, ही खुशीची गोष्ट आहे. ‘याला गंज लागत नाही’ असे गिऱ्हाइकाला सांगितले जाते, ते मात्र अर्धेच खरे आहे.

लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. पण पांढरी भुकटी येते, बारीक खड्डे पडतात. हवेने या धातूवर आपोआप पातळ थर बसतो, तोच त्याला राखतो. मिठापुढे तो टिकत नाही. समुद्र लांब आहे म्हणून आपण निर्धास्त राहू नये. नीरा डाव्या कालव्याखालच्या खारपड जमिनी शेतकऱ्यांना ठाऊक आहेत. बोअरच्या खाऱ्या पाण्याने रोज पायरी धुतली, की चौकट खालून खराब होऊ लागते.

यावर इलाज अ‍ॅनोडायझिंगचा. गंधकाच्या तेजाबात धातू बुडवून वीज सोडली, की तोच थर जाड होतो. इंग्लंडमध्ये 1923 साली समुद्री विमानांच्या भागांसाठी क्रोमिक तेजाब वापरून ही तरकीब निघाली. थराला सूक्ष्म छिद्रे असतात. सोनेरी वा काळा रंग त्यांत मुरतो, जसा सुतात मुरतो. नंतर उकळत्या पाण्यात छिद्रे बंद करावी लागतात. हे शेवटचे काम घाईत उरकले, तर आम्ही कापडवाले ज्याला कच्चा रंग म्हणतो तीच गत. आडबाजूच्या कोपऱ्यावर शाईचा थेंब पाच मिनिटे ठेवून पुसावा. डाग राहिला तर माल संशयाचा समजावा.

भारतीय मानक 1868 मध्ये 5 पासून 25 मायक्रॉनपर्यंत प्रती आहेत. बाहेरच्या कामाला 15 पेक्षा कमी घेऊ नये, असे माझे मत आहे. डोळ्यांना 5 आणि 15 सारखेच दिसतात, अन् घोटाळा तिथेच होतो. 15 चे पैसे घेऊन 5 चा माल देणे हे मापात मारणेच आहे. सूरह मुतफ्फिफीनची ताकीद फक्त तराजूवाल्यांसाठी नाही. कापडाच्या पावतीवर मीटर लिहितो, तसे चौकटीच्या पावतीवर मायक्रॉन लिहावेत. जाडी मोजण्याचे छोटे यंत्र मिळते. चार-पाच कारागिरांनी मिळून एक घ्यावे.

आणखी एक. गिलावा सुरू असताना चौकटीवरची चिकटपट्टी काढू नये. ओला चुना-सिमेंट चांगल्या थरालाही खातो, आणि फरशी धुण्याचे अ‍ॅसिडही.