अंगठा की मनगट?

लढतीचे व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांमध्ये एक वाद वर्षानुवर्षं चालू आहे. जॉयस्टिक बरी, की पॅडवरचं ते अधिकच्या चिन्हासारखं बटण, म्हणजे डी-पॅड? बऱ्हाणपूरसारख्या शहरात हा वाद दोन पिढ्यांचा होतो. गेम पार्लरमध्ये उभं राहून कॉइन टाकत ज्यांचा हात तयार झाला ते आता चाळिशीत आहेत. हातात जॉयस्टिकचा दांडा नसेल तर ती लढतच नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मोबाइल आणि कॉम्प्युटरवर वाढलेल्या विशीतल्या पोराला दांड्याची किंमत ऐकूनच हसू येतं. माझं मत पोराच्या बाजूनं आहे, मात्र निव्वळ स्वस्त आहे म्हणून नाही. जॉयस्टिक हे या खेळाचं ‘खरं’ हत्यार आणि पॅड ही घरगुती तडजोड, हा समजच मुळात चुकीचा आहे. नव्यानं शिकणाऱ्यानं बिनदिक्कत डी-पॅड घ्यावा.

दोन्ही साधनं कुठून आली ते आधी पाहू. कॅपकॉमचा पहिला ‘स्ट्रीट फायटर’ १९८७ मध्ये आला, तेव्हा त्याच्या मोठ्या मशीनवर सहा बटणं नव्हती. दोन जाड रबरी गाद्या होत्या. जितक्या जोरात बुक्की माराल तितका पडद्यावरचा ठोसा जोरदार, अशी कल्पना. लोक जीव खाऊन मारत, हात दुखवून घेत, मशीनचीही दमछाक होई. मग सहा बटणांची मशीन आली आणि तीच रूढ झाली. म्हणजे ज्या मांडणीला आज परंपरा म्हणतात, ती मशीनवाल्याच्या सोयीतून आली. दांड्याचंही तसंच. दिवसभर शंभर हात ओढणार, कुणी त्यावर लोंबकळणार, कुणी हरल्यावर राग काढणार, तरी टिकला पाहिजे, म्हणून तो पत्र्याला आतून बोल्टनं आवळलेला. डी-पॅडचा जन्म नेमका उलट्या गरजेतून झाला. निन्टेन्डोचे गुनपेई योकोई १९८२ मध्ये ‘डाँकी काँग’चा खिशात मावणारा, पुस्तकासारखा मिटणारा खेळ करत होते. वर आलेला दांडा असता तर झाकण मिटलंच नसतं. म्हणून त्यांनी दिशा सपाट केल्या आणि अंगठ्याखाली आणल्या. एक साधन लाकडी खोक्यासाठी घडलं, दुसरं मिटणाऱ्या डबीसाठी. लढतीच्या खेळासाठी म्हणून यातलं एकही घडलेलं नाही. तेव्हा अस्सल कोण आणि नकली कोण, हा प्रश्न इथंच निकालात निघतो.

आता आपल्याकडचे खेळ घ्या. भारतातल्या छोट्या शहरांत ज्या लढतीच्या खेळांनी पोरांना वेड लावलं ते मुख्यतः दोन: एसएनकेचा ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ आणि नामकोचा ‘टेकन ३’. (‘मुस्तफा’ या नावानं गाजलेला ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ मारामारीचा असला तरी जातकुळी वेगळी, त्यात दोघं मिळून गुंडांना बडवायचं.) पहिला प्लायवूडच्या मशीनवर दांड्यानं खेळला गेला, दुसरा बहुतेकांनी प्लेस्टेशनच्या पॅडवर. दोन्हीकडे बटणं चारच. ‘टेकन’मध्ये दोन हात, दोन पाय, ‘किंग ऑफ फायटर्स’मध्ये दोन ठोसे, दोन लाथा. ही बाब दिसते त्याहून महत्त्वाची आहे. जॉयस्टिकच्या बाजूनं नेहमी सांगितलं जातं, की उजव्या हाताची सगळी बोटं मोकळी राहतात आणि सहा बटणं हार्मोनियमसारखी वाजवता येतात. ‘स्ट्रीट फायटर’साठी हा मुद्दा बिनतोड आहे. पण चार बटणं अंगठ्याखाली आणि दोन-तीन बटणं एकदम दाबायची सोय तर्जनीखाली, एवढ्यात हे दोन्ही खेळ पॅडवर नीट बसतात.

खरी परीक्षा डाव्या हाताची. ‘किंग ऑफ फायटर्स’मधल्या इओरी यागामी या पात्राचा तो सगळ्यांना ठाऊक असलेला मोठा पॉवर, म्हणजे खास हल्ला, घ्या: खाली, तिरकं पुढं, पुढं, मग त्याच वाटेनं परत खाली आणि मागं, आणि ठोसा. दांड्यावर हे मनगटानं होतं. आत चार मायक्रोस्विच असतात आणि दांड्याच्या बुडाशी बहुधा चौकोनी चौकट. दांडा चौकटीच्या कडेनं घासत कोपऱ्यात शिरतो आणि कोपरा म्हणजेच तिरकी दिशा. म्हणून ती सहसा चुकत नाही, तिथं दोन स्विच एकदम वाजलेले कानाला कळतात. डी-पॅडवर अंगठा उचलायचा नसतो, लोळवायचा असतो. खालच्या पट्टीवरून पुढच्या पट्टीवर जाताना मधे क्षणभर दोन्ही दबल्या पाहिजेत. घाई झाली की ती तिरकी दिशा गळते, इओरी ठोसा मारून मोकळा होतो आणि समोरचा वाजवून जातो. इथं दांडा सरस आहे, हे कबूल. पण त्याच खेळात छोटी उडी आहे. दिशा वर नुसती टेकवून लगेच सोडायची. दांड्याला वर जाऊन स्प्रिंगच्या जोरावर मधे परत यावं लागतं, अंगठा जेमतेम मिलिमीटरभर हलतो. सेकंदाचे साठ भाग करून खेळ तुमची हालचाल मोजत असतो, तेव्हा हा फरक पोकळ नाही. ‘टेकन’मध्ये पुढं-पुढं, मागं-मागं असे झटके सतत द्यावे लागतात. तिथंही अंगठ्याचा प्रवास लहान. मोठी वर्तुळं मनगटाला सोपी, छोटे झटके अंगठ्याला. हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: मग जपान-कोरियाचे सगळे दिग्गज दांडाच का धरायचे? कारण ते पार्लरमध्ये शिकले आणि पार्लरमध्ये दुसरं काही नव्हतं. अमेरिकेतली ‘इव्हो’ ही या खेळांची सर्वांत मानाची स्पर्धा. २००४ मध्ये तिनं पार्लरची मशीन सोडून घरगुती कन्सोल आणले, तेव्हा जुन्या खेळाडूंनी मोठी ओरड केली. पुढं २०१४ मध्ये फ्रान्सच्या ‘लफी’नं ‘अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४’चं इव्हो विजेतेपद पटकावलं, तेही पहिल्या प्लेस्टेशनच्या जुनाट पॅडवर. सहा बटणांच्या खेळात, दांड्याच्या बालेकिल्ल्यात. एका विजयानं सिद्धांत होत नाही हे खरं. पण ‘पॅडवर वरच्या पातळीला पोचताच येत नाही’ हा दावा मोडायला एकच पुरतो.

गंमत म्हणजे दांड्याचं सिंहासन पॅडनं हलवलं त्याहून जास्त बटणांनी हलवलं. दांडाच काढून टाकून चारी दिशांना बटणं लावलेल्या पेट्या आल्या. २०१९ मध्ये जपानच्या दाइगो उमेहारासारख्या दांड्याच्या सम्राटानं तशी एक पेटी हाती घेतली आणि नियमांचा वाद पेटला. डावी आणि उजवी बटणं एकदम दाबली तर खेळानं काय समजायचं? दांड्यावर हा प्रश्न उद्भवतच नाही, तो एका वेळी एकाच बाजूला असतो. शेवटी ‘स्ट्रीट फायटर ६’च्या स्पर्धांसाठी कॅपकॉमनं ठरवून टाकलं, की विरुद्ध दिशा एकदम आल्या तर काहीच दाबलं नाही असं धरायचं. ही महागडी पेटी म्हणजे तत्त्वतः कीबोर्डच. एमुलेटरवर ‘९७’ खेळताना बाणांच्या कळा बडवणाऱ्या पोराकडे ती फुकटात आहे. एकच अडचण, स्वस्त कीबोर्ड ठरावीक तीन-चार कळा एकदम दाबल्या की त्यातली एखादी गिळतो.

सर्वांत वजनदार आक्षेप टिकाऊपणाचा आहे. बऱ्हाणपूरसारख्या पॉवरलूमवर जगणाऱ्या शहराला दुरुस्तीचं मोल वेगळं सांगायला नको. मशीन बंद राहिलं की मजुरी बुडते, म्हणून जे उघडता येतं आणि ज्याचा सुटा भाग मिळतो तेच चांगलं, ही इथली रीत. जॉयस्टिक त्या रीतीत चपखल बसते: चार स्क्रू, एक स्प्रिंग, चार स्विच, बिघडलेला स्विच बदला आणि चालू करा. पॅडच्या आत रबराची चकती आणि कार्बनचे ठिपके, ते झिजले की लोक पॅडच फेकून देतात. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. पॅडमध्ये सहसा आधी मरते ती ॲनालॉग काडी. ती हात न लावता एका बाजूला सरकू लागते. आणि लढतीच्या खेळाला तिची गरजच नसते. गोल फिरणारी ती काडी कोनाचा अंदाज देते, खेळाला हव्या असतात आठ नेमक्या दिशा. कॉम्प्युटरवर ‘स्टीम’ या गेमच्या ॲपच्या सेटिंगमध्ये डावी काडी बंद करून टाकली, की इतरांनी निकामी ठरवलेला पॅड तुमच्यासाठी धडधाकट असतो. कन्सोलवर मात्र ही पळवाट सहसा मिळत नाही. काडी आपोआप सरकून तुमच्या दिशांमध्ये लुडबुड करते, तेव्हा तिथं जुना पॅड जपूनच घ्यावा.

जॉयस्टिक कुणी घ्यावी? ज्याचं मनगट पार्लरमध्ये तयार झालं आहे त्यानं. वीस वर्षं मुरलेली सवय अंगठ्यात उतरवण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. ज्याचा अंगठा सांध्यातून दुखतो त्यानंही घ्यावी, कारण डी-पॅडचा सगळा भार त्या एका सांध्यावर पडतो आणि टोकाची कातडी सोलवटते ती वेगळी. दांडा मांडीवर किंवा टेबलावर पक्का बसवावा लागतो आणि रात्री घर झोपलेलं असताना त्याची टकटक चांगलीच ऐकू येते. मागांच्या खडखडाटात वाढलेल्या शहरात ही तक्रार कितपत टिकेल, हा भाग निराळा. बाकी ज्यांना केवळ नामवंतांच्या मांडीवर दिसते म्हणून ती हवी आहे, त्यांनी पैसे खिशात ठेवावेत.

लढतीचा खेळ आता निव्वळ टाइमपास राहिलेला नाही. २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ५’साठी पदक होतं. मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास हे दोघे भारताकडून उतरले. सुवर्ण नेलं कोरियाच्या किम ग्वान-वूनं, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. २०२६ च्या नागोया स्पर्धेसाठी ठरलेल्या ई-स्पोर्ट्समध्ये ‘स्ट्रीट फायटर ६’ आणि ‘टेकन ८’च्या जोडीला ‘किंग ऑफ फायटर्स १५’सुद्धा आहे, म्हणजे पार्लरवाल्यांचा जुना सोबती. अशा स्पर्धांत खेळाडू सहसा आपापलं साधन घेऊन जातात. म्हणून साधन निवडायचं ते सवय लावून घेण्यासाठी.

आणि पॅड म्हणजे सगळे पॅड सारखे नव्हेत. एक्सबॉक्स ३६० चा डी-पॅड इतका गुळगुळीत आणि बेभरवशाचा होता, की मायक्रोसॉफ्टला २०१० मध्ये फिरवून वर उचलता येणारी चकती बसवलेला नवा पॅड काढावा लागला. तेव्हा दुकानात ब्रँड बघून भुलू नका. जमलं तर मित्राकडे लावून पाहा. सरावाच्या विभागात तुम्ही दाबलेल्या दिशा पडद्यावर उमटवायची सोय असते, ती चालू करा. खाली, तिरकं, पुढं हा फेरा सावकाश दहा-वीस वेळा फिरवा आणि तिरका बाण दर वेळी उमटतो का ते मोजा. नुसतं खाली दाबून धरा, मधेच तिरका बाण डोकावला तर तो पॅड परत करा. मग पात्राला दुसऱ्या बाजूला न्या आणि तेच उलट दिशेनं करा. २०१८ च्या इव्होमध्ये ‘ड्रॅगन बॉल फायटरझेड’च्या अंतिम लढतीत अमेरिकेचे खेळाडू सोनिकफॉक्स यांनी ऐन मोक्याला बाजू बदलून मागितली होती. तेव्हा डावीकडून सहज निघणारा पॉवर उजवीकडून अडखळला, तर दोष पॅडचा की अंगठ्याचा, हे पैसे देण्याआधीच कळलेलं बरं.