लंगडी येते का, तेही विचारा

दोन महिन्यांपूर्वी एक आई माझ्यासमोर फॉर्म भरत बसली होती. मुलगा सात वर्षांचा, दुसरीतला. सुरुवातीचे प्रश्न तिने भराभर उरकले. मग एका ओळीवर पेन थांबलं. पोहणं, स्केटिंग अशा नव्या गोष्टी मूल सहज शिकतं का, असा तो प्रश्न होता. तिने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं आणि मधल्या ३ वर गोल केला. मी विचारलं, "तीनच का हो ताई?" ती म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे कुठलं आलंय स्केटिंग? काहीतरी भरायला हवं म्हणून भरलं."

मी म्हटलं, बरं, लंगडी घालतो का? तिचा चेहरा बदलला. "दोन उड्या मारल्या की दुसरा पाय खाली टेकतो. धाकटी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, ती अख्खं अंगण फिरते लंगडीवर."

फॉर्मला हवं होतं ते उत्तर हेच. कागदावर मात्र ३ चा गोल राहिला असता.

हा फॉर्म कॅनडातल्या कॅलगरी शहरातला. ब्रेंडा विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली तो प्रसिद्ध केला, पुढे सुधारला आणि आज डीसीडीक्यू'०७ या नावाने तो जगभर वापरला जातो. प्रश्न १५, मुलं ५ ते १५ वर्षांची, प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण, बेरीज १५ ते ७५. चेंडू झेलणं, पळणं, लिहिणं, कात्रीने कापणं, कपडे-बूट घालणं असं रोजचं वागणं त्यात विचारलेलं असतं. बुद्धी चांगली, नजर चांगली, तरी हातापायांचा मेळ वयाप्रमाणे बसत नाही आणि त्यामुळे शाळेत, घरात, खेळात रोज अडतं, अशी मुलं वेळेवर लक्षात यावीत एवढाच त्याचा हेतू. या अडचणीला डॉक्टर डीसीडी म्हणतात, काही जण डिस्प्रॅक्सिया म्हणतात. जगभर शंभरात पाच-सहा मुलांना ती असते असं धरलं जातं, म्हणजे चाळीसच्या वर्गात साधारण दोन. आपण त्या दोघांना वेंधळा म्हणतो, धांदरट म्हणतो, "हाताला भोकं पडलीत का?" असं विचारतो. पोर मात्र रोज जीव तोडून प्रयत्न करत असतं. हे मी फार जवळून पाहिलं आहे, म्हणून कळकळीने सांगते: तो आळस नाही.

प्रश्नावली चांगली आहे. पण ती नुसती मराठीत उतरवून भागत नाही. मूळ फॉर्ममध्ये एका प्रश्नात काचसामानाच्या दुकानात शिरलेल्या बैलाचा इंग्रजी वाक्प्रचार आहे, आणि तोही नकारार्थी: तुमच्या मुलाला असं कोणी कधीच म्हणणार नाही. हे शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणलं, तर पोळ्याला बैलाला ओवाळणारी आई बुचकळ्यात पडते. मग 'धसमुसळा' घ्यावा का? त्यात जोर आहे, थोडा आडदांडपणाही आहे. 'वेंधळा' घ्यावा, तर लक्ष नसणं येतं. विचारायचं आहे ते वेगळंच. घरात वावरताना तो दाराच्या चौकटीला, खाटेच्या कोपऱ्याला धडकतो का? ताटावरून उठताना पाण्याचा तांब्या लवंडतो का? असं विचारलं की आजीसुद्धा लगेच उत्तर देते.

लिहिण्याचे प्रश्न तर मुळातूनच पाहायला हवेत. इंग्रजीत सुटी अक्षरं लिहिणं वेगळं आणि जोडून लिहिणं वेगळं. देवनागरीत ती वाटणीच नाही. आपलं मूल अडतं ते वेलांटी कुठल्या बाजूला वळवायची तिथे, रफार कुठे बसवायचा तिथे, 'क्ष' आणि 'ज्ञ' च्या गाठीत. शिरोरेषा ओढताना पेन्सिल इतकी दाबली जाते की मागच्या पानावर उमटते. हे सगळं त्या गुणांत यायला हवं असेल, तर प्रश्नही तसेच हवेत.

कात्रीचंही तेच. कितीतरी घरांत सात वर्षांच्या मुलाच्या हातात कात्री देत नाहीत. त्याला ती चालवता येत नाही ते अडचणीमुळे की सवय नसल्यामुळे, हे फॉर्मवरून कळत नाही. त्यापेक्षा ताटाकडे पाहा. नुसत्या उजव्या हाताने भाकरीचा तुकडा मोडायचा, म्हणजे दोन बोटांनी दाबून धरायचं आणि बाकीच्यांनी ओढायचं. केवढं बारीक काम आहे हे! ज्याला जमत नाही तो डावा हात मदतीला आणतो आणि "डावा हात लावू नको" म्हणून बोलणी खातो.

सगळंच बदलायला हवं असं मात्र नाही. सहा-आठ फुटांवरून टाकलेला टेनिस बॉल झेलता येतो का, हा प्रश्न कॅलगरीतून थेट आपल्या गल्लीत येतो, काही करावं लागत नाही. फक्त मुलीबद्दल भरताना एक पाहा, तिला बॅट-बॉल कधी खेळायला मिळाला होता का? दोरीवरच्या उड्या, सागरगोटे, ठिक्कर यांत ती कशी आहे, ते सांगा.

जे शिक्षक, थेरपिस्ट किंवा विद्यार्थी असे फॉर्म मराठीत आणत आहेत, त्यांना हात जोडून सांगणं आहे. मूळकर्त्यांची परवानगी घ्या. दोघांनी वेगवेगळं भाषांतर करावं, तिसऱ्याने मूळ न पाहता ते पुन्हा इंग्रजीत न्यावं. पण तिथेच थांबू नका. गडचिरोलीतली आई, सांगलीतली आई आणि चाळीतली आई, तिघींना प्रश्न वाचून दाखवा आणि विचारा, "यातून तुम्हाला काय कळलं?" ब्राझीलमध्ये २००९ साली पोर्तुगीज फॉर्म प्रसिद्ध झाला तेव्हा विल्सन स्वतः त्या कामात होत्या. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी धाकटा फॉर्म तयार झाला तो इस्राएलमध्ये, हिब्रूत. म्हणजे दारं उघडी आहेत. आणि कट-ऑफ, म्हणजे शंका घ्यायचे आकडे, जसेच्या तसे उचलू नका. आठ वर्षांखालच्या मुलाला ४६ किंवा त्याहून कमी, दहाच्या आत ५५, पुढे ५७, हे आकडे तिकडच्या मुलांवरून ठरले आहेत. आपल्या मुलांचे आपल्याकडची मुलं प्रत्यक्ष तपासूनच ठरतील.

आता तुम्ही, आई-बाबांनो. फॉर्म हातात आला तर तो परीक्षेचा पेपर समजू नका. मुलाची अब्रू झाकायला सगळीकडे ५ देऊ नका, रागाच्या भरात सगळीकडे १ ही नको. या फॉर्मात मोठा आकडा म्हणजे चांगलं जमतं, शेवटच्या नकारार्थी प्रश्नांतसुद्धा, तिथे हमखास उलटं भरलं जातं. तुलना त्याच वयाच्या मुलांशी करा, मोठ्या भावाशी नको. जे कधी करूनच पाहिलेलं नाही, तिथे आकडा टाकू नका, शेजारी तसं लिहा. फॉर्म दोन दिवस घरी न्या, आजीला विचारा, शाळेतल्या बाईंना विचारा.

आणि गुण कमी आले म्हणजे आजार ठरला असं नाही. पुढे तपासणी लागते. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येतात, त्यांच्याकडे शंका बोलून दाखवा. ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकतात. एका बाबतीत मात्र फॉर्मची वाट पाहू नका. जे आधी येत होतं ते मूल आता विसरत चाललं असेल, वारंवार पडत असेल, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत उठत असेल, तर लगेच डॉक्टर गाठा. ती गोष्ट वेगळी असू शकते.

ती आई फॉर्म घरी घेऊन गेली आणि सोमवारी परत आली. ३ चा गोल खोडलेला होता. समासात तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं: स्केटिंग पाहिलेलं नाही. लंगडी दोन उड्या. सायकल आठ महिने शिकतोय, अजून बाबा धरतात. शर्टाची खालची बटणं लावतो, गळ्याचं नाही. भाकरीला दोन्ही हात लागतात.