वैद्यकीय पदवीनंतरची वाट आणि सीमाभागाची भाषा

बारावीचा निकाल लागला की सीमाभागातील पालक आम्हा वकिलांकडेही येऊ लागतात. रहिवासी दाखला, मातृभाषा मराठी असल्याचे प्रतिज्ञापत्र, ८६५ गावांच्या यादीत आपले गाव आहे की नाही, असे त्यांचे प्रश्न असतात. महाराष्ट्राने वादग्रस्त सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय पदवीच्या मोजक्या जागा राखून ठेवल्या आहेत आणि ही सारी धावपळ त्यांच्यासाठी असते. साडेपाच वर्षांनी तीच मुले विचारतात, ‘एम.बी.बी.एस. झाले, आता पुढे काय?’ या दुसऱ्या प्रश्नाकडे आपल्या चळवळीने पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम कायद्याची बाजू. ‘आपण अमुक राज्याचे रहिवासी’ हा दावा पदवीच्या प्रवेशात चालतो. पदव्युत्तर प्रवेशात तो आता चालत नाही. १९५५ साली डी. पी. जोशी खटल्यात, म्हणजे इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयाच्या शुल्काच्या वादात, जन्मस्थान आणि निवास या भिन्न गोष्टी आहेत, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांना दिलेली सवलत वैध ठरवली होती. १९८४ च्या प्रदीप जैन निकालाने पदव्युत्तर पातळीवर गुणवत्तेचे पारडे जड केले. २०१४ मध्ये विशाल गोयल प्रकरणात कर्नाटकाची ‘मूळ कर्नाटकी’ ही पदव्युत्तर प्रवेशाची अट रद्द झाली. आणि २९ जानेवारी २०२५ रोजी तन्वी बहल प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातील निवासावर आधारित आरक्षण घटनेच्या १४ व्या अनुच्छेदाशी विसंगत ठरवले. उरले ते संस्थात्मक प्राधान्य, म्हणजे जिथून पदवी घेतली त्या संस्थेच्या विद्यार्थ्यांना वाजवी मर्यादेत मिळणारे प्राधान्य.

याचा व्यावहारिक अर्थ पालकांनी नीट ध्यानात घ्यावा. अठराव्या वर्षी मुलगी कोणत्या महाविद्यालयात जाते, यावर तेविसाव्या-चोविसाव्या वर्षीचे दार बरेच अवलंबून राहील. शासकीय महाविद्यालयांतील पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यात जातात. उरलेल्या निम्म्यांसाठी पदवी कुठली, हा प्रश्न येतो. बेळगावात राहून बेळगावच्याच जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयात शिकू इच्छिणाऱ्यालाही शेजारधर्माचा लाभ नाही, कारण ते अभिमत विद्यापीठाचे घटक आहे आणि तेथील प्रवेश केंद्रीय समुपदेशनातून होतात. महाराष्ट्रातील राखीव जागा मिळत असेल तर केवळ घरापासून दूर म्हणून ती सोडणे ही मोठी चूक ठरेल. त्या जागेसोबत येणारी एक वर्षाची बंधपत्रित सेवा मात्र आधीच वाचून घ्यावी. सही करताना कोणी ती वाचत नाही आणि मग आमच्याकडे येतात.

ज्यांना एम.डी., एम.एस. मिळत नाही, त्यांनी हताश होऊ नये. राष्ट्रीय परीक्षा मंडळाचे डी.एन.बी. आहे. २०२० पासून त्याच मंडळाच्या दोन वर्षांच्या पदविकाही आहेत आणि त्यांत कुटुंबवैद्यक, बालरोग, भूल, स्त्रीरोग व प्रसूती हे विषय आहेत. खानापूर, निपाणीसारख्या तालुक्यांना याच विषयांचे डॉक्टर हवे आहेत. आपल्या समाजात मात्र पदविका घेणारा मुलगा ‘राहिलेला’ समजला जातो, हे दुर्दैव! संघ लोकसेवा आयोगाची वैद्यकीय सेवा परीक्षाही आहे; तिला कोणत्याही राज्याची भाषा लागत नाही.

आता भाषेकडे येतो. पदवीची ‘नीट’ मराठीतून देता येते, पदव्युत्तर ‘नीट’ इंग्रजीतूनच होते. अभ्यासक्रमातून मराठी अशी हद्दपार होते आणि थेट रुग्णाच्या खाटेपाशी पुन्हा उभी राहते. समीरा कोहली प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, रुग्णाची संमती ही पुरेशी माहिती मिळाल्यानंतरची खरी संमती असली पाहिजे. जिला केवळ मराठी येते, तिचा अंगठा कन्नड वा इंग्रजी कागदावर घेतला, तर ती संमती कोणती? तोच प्रश्न मृत्युपूर्व जबाबाचा. जळालेल्या विवाहितेचा जबाब कोणत्या भाषेत घेतला, ती कोणत्या भाषेत बोलली, मध्ये दुभाषा कोण होता, हे बचाव पक्षाचे पहिले प्रश्न असतात. डॉक्टरचे प्रमाणपत्र नाही म्हणून असा जबाब आपोआप बाद होत नाही, हे लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००२) या निकालाने स्पष्ट केले. पण तिचे शब्द जसेच्या तसे समजणारा डॉक्टर खाटेपाशी असेल तर खटल्याचे वळण बदलते, हे फौजदारी न्यायालयात उभा राहणारा कोणीही सांगेल.

म्हणून आमच्या काही सहकाऱ्यांना न रुचणारी गोष्ट लिहितो. सीमाभागातील मराठी डॉक्टराने कन्नडची परीक्षा द्यावी आणि उत्तीर्ण व्हावे. कर्नाटकाच्या शासकीय सेवेचे दार त्याविना उघडत नाही. मराठी शाळांवरील सक्तीला आणि मराठीतून कागदपत्रे नाकारण्याला माझा विरोध कालही होता, आजही आहे. पण रुग्णाची भाषा शिकणे ही शरणागती नव्हे. ते वैद्याचे काम आहे. आपण परीक्षा टाळली तर प्राथमिक आरोग्य केंद्रातील ती खुर्ची ज्याला मराठीचा गंधही नाही, अशा माणसाकडे जाते, आणि ‘पोटात कळ येते’ म्हणणारी म्हातारी त्याच्यासमोर हातवारे करीत बसते. आपण लढतो ते तिच्यासाठीच ना?

महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ८६५ गावांपर्यंत नेण्याचे ठरवले, ते स्वागतार्हच. पण योजनेचे कार्ड घेऊन रुग्ण कोल्हापूर-मिरजेची वाट धरणार असेल, तर गावातल्या दवाखान्याचा प्रश्न तसाच राहतो. राखीव जागेवर शिकलेल्यांपैकी किती मुले सीमाभागात परतली, याची नोंद आपल्या समित्यांनी ठेवावी. जे परतले त्यांच्याकडून शस्त्रक्रियेच्या संमतिपत्राचा एक साधा मराठी मसुदा तयार करून घ्यावा. तो कायद्याच्या दृष्टीने तपासून देण्याचे काम मी विनामूल्य करीन.