उंच नव्हे, नीट बांधलेली तार

भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढले आणि तालुक्याचा संपर्क तुटला, ही बातमी चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाने इतक्या पावसाळ्यांत वाचली आहे की आता ती बातमी वाटेनाशी झाली आहे. रस्ता बंद होतो, वीज जाते आणि टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या की मोबाइलही मुका होतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसेखुर्द धरणाचे पाणी वैनगंगेला आले तेव्हा ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीकडची गावे पुराने वेढली. जुलै २०२२ मध्ये गोदावरी आणि प्राणहितेने सिरोंचा तालुक्याची दैना केली. अशा दिवसांत चार ओळींचा निरोप जाणे यालाच मोल असते. किती माणसे अडकली आहेत, औषध कोणते हवे, नाव कुठे लागेल, एवढेच सांगायचे असते. त्यासाठी एक जुना, साधा आणि कायदेशीर मार्ग उपलब्ध आहे: हौशी रेडिओ, म्हणजेच हॅम रेडिओ. भूजच्या २००१ च्या भूकंपात देशभरातल्या हौशी चालकांनी निरोप पोहोचवले. डिसेंबर २००४ मध्ये हौशी रेडिओचालक भारती प्रसाद यांचा चमू पोर्ट ब्लेअरला हौशी केंद्र चालवायला गेला होता. २६ तारखेला त्सुनामी आली आणि छंदासाठी उभारलेले ते केंद्र अंदमान-निकोबारचा मुख्य भूमीशी दुवा झाले.

आपल्या दोन जिल्ह्यांत हे काम घरच्या घरी उभे राहू शकते, असे आमचे मत आहे. मात्र सुरुवात सेटपासून नव्हे, अँटेनापासून करायला हवी. या छंदाकडे वळणारा तरुण बहुधा आधी हातातला वॉकीटॉकीसारखा सेट घेतो, मग गच्चीवर उंच पाइप उभारून त्यावर दांडी लावतो. हा सेट १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे दोन मीटरच्या पट्ट्यात बोलतो. त्याच्या लहरी नजरेसारख्या सरळ जातात. मोकळ्या सपाट मैदानात, दोन्हीकडे दहा मीटर उंचीवर अँटेना असल्या, तर त्यांची क्षितिजापर्यंतची झेप साधारण २५ किलोमीटर भरते. आणि आपल्याकडे मैदान कुठे आहे? गडचिरोलीचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग वनाखाली आहे, मध्ये डोंगर आहेत, आणि ओले पान या लहरी शोषून घेते. साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो आणि श्रावणात त्याला सुपाएवढी पाने असतात. मे महिन्यात तपासून ‘चालते’ म्हटलेली जोडणी ऑगस्टमध्ये, नेमक्या गरजेच्या वेळी, निम्म्या अंतरावरही ऐकू येत नाही. डोंगरावर रिपीटर, म्हणजे आलेला संदेश पकडून पुढे पाठवणारे यंत्र, असेल तर गोष्ट वेगळी, पण पुरात रिपीटरलाही वीज लागतेच.

याला उपाय चाळीस मीटरच्या पट्ट्याचा, म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा. या लहरी वर गेल्या की अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवरचा आयनांचा थर त्यांना परत खाली पाठवतो. गडचिरोली ते सिरोंचा हे सरळ रेषेतले अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. तेवढ्या अंतरासाठी लहर जवळजवळ डोक्यावर, सुमारे ७५ अंशांच्या कोनात सोडावी लागते. तशी सोडली की डोंगर आडवा येत नाही, जंगल आडवे येत नाही, कारण ती त्यांच्यामधून जातच नाही. वरून उतरते. भामरागड, एटापल्ली, कोरची, चंद्रपूर, नागपूर, सगळी या एका छत्रीखाली येतात.

आणि लहर सरळ वर सोडायची तर अँटेना फार उंच असून चालत नाही. ‘जितकी उंच तितकी चांगली’ हे छंदातले पहिले सूत्र दूरदेशांशी बोलणाऱ्यांसाठी खरे आहे. तार वीस मीटरवर नेली की तिची शक्ती क्षितिजाकडे झुकते. युरोप, जपान ऐकू येतात आणि शेजारचा तालुका हरवतो. जवळच्या संपर्कासाठी तार जमिनीपासून आठ-नऊ मीटरवर असली की पुरे. हे वाचून ज्याच्याकडे मनोऱ्याला पैसे नाहीत त्याला धीर यावा. आठ-नऊ मीटर म्हणजे एक चांगला बांबू, आणि बांबू ही तर आपल्या जिल्ह्यांची दौलत. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, कारागीर गावोगाव आहेत. बांबू कोरड्या दिवसांत तोडलेला आणि किडीसाठी प्रक्रिया केलेला घ्यावा, म्हणजे दुसऱ्या पावसाळ्यात तो पोकळ होऊन मोडत नाही.

आता खुद्द तार. अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलची, म्हणजे मध्यात केबल जोडलेल्या दोन हातांच्या तारेची, लांबी काढायची तर १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागायचे, उत्तर मीटरमध्ये येते. ७.१ साठी ते २०.१४ येते, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे दहा-दहा मीटर. कापताना मात्र प्रत्येक बाजू १०.३ मीटर ठेवावी. जमीन, भिंती, तारेवरचे प्लॅस्टिक, सगळ्यांचा लांबीवर परिणाम होतो. वाढीव तार दुमडून कमी करता येते, कापलेली जोडावी लागते. तारेचा मध्य बांबूच्या शेंड्याला आणि दोन्ही हात उतरते, उलट्या ‘व्ही’सारखे. मध्य नऊ मीटरवर आणि टोके तीन मीटरवर ठेवली तर सोळा मीटर लांबीची जागा लागते, दोरासाठी अजून दोन-दोन मीटर. खेड्यातल्या परसात, सांदवाडीत एवढी जागा असतेच. चंद्रपूर शहरातल्या अरुंद प्लॉटवर टोके जरा वळवून घेतली तरी काम चालते. टोके तीन मीटरच्या खाली आणू नयेत, कारण बोलताना सर्वाधिक दाब टोकांवरच असतो. लेकराचा हात तिथे पोहोचता कामा नये.

या बांधणीचा एक फायदा हिशेबातही दिसतो. मोकळ्या अवकाशात डायपोलचा विरोध ७३ ओहम असतो. तार खाली आणली, हात उतरते केले, की तो ५० च्या जवळ येतो, आणि बाजारातली सेटला जोडायची कोॲक्स केबल ५० ओहमचीच असते. सेट आणि तार किती जुळले हे दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर लावून पट्ट्याच्या मधोमध आकडा १.५ च्या आत येईपर्यंत दोन्ही टोके सारखी, दोन-दोन सेंटिमीटरने, दुमडत जायचे. या कामाला सकाळ लागते आणि दोन माणसे लागतात: एक सेटपाशी, एक दोरापाशी. ती सकाळ ज्याने दिली त्याला अँटेना कळली, असे खुशाल समजावे.

बिघाड बहुतेक वेळा जोडात होतो. मध्याच्या ठिकाणी केबलचे तोंड उघडे राहिले की पाणी जाळीतून केशिकेसारखे आत चढते. वर्षभराने केबल कापून पाहिली तर चकचकीत तांबे काळे पडलेले असते आणि सेटचा आवाज कुठे गेला हे कुणालाच कळत नाही. म्हणून जोड झाळून घ्यावा, त्यावर ताणून चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळावी, म्हणजे थर कौलांसारखे एकावर एक बसतात आणि पाणी निथळते. त्यावर साधी टेप. केबलचा भार जोडावर येऊ न देता तिला बांबूला बांधावे, आणि घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे थेंब भिंतीत न जाता झोळातून गळतो.

तारेचे एक टोक झाडाला बांधायचे असेल तर मोहाचे, सागाचे झाड वाऱ्यात किती डोलते ते आधी पाहावे. घट्ट बांधलेली तार पहिल्याच वादळात तुटते. फांदीला कप्पी, कप्पीतून दोर, दोराच्या टोकाला वीट लटकवलेली: झाड डोलले की वीट वर-खाली होते आणि तार शाबूत राहते. फांदीवर दोर घासू नये म्हणून जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळावा. झाडाला खिळा मारू नये. वानरांचा त्रास असलेल्या गावात तार झाडापासून तीन-चार मीटर अलीकडेच संपवून पुढे नुसता दोर न्यावा. दोर तुटला तर दुसरा मिळतो.

चंद्रपूरकरांची एक अडचण वेगळी आहे. औष्णिक वीज केंद्र, कोळसा खाणी, पडघ्याकडे जाणारी ५०० किलोव्होल्टची एकदिश वाहिनी, यामुळे हा विजेच्या तारांचा जिल्हा आहे, आणि धुळीने माखलेल्या इन्सुलेटरवरच्या ठिणग्या रेडिओत खरखर बनून येतात. पण दोष नेहमी बाहेरचा नसतो. सेट बॅटरीवर चालवून घराचा मेन स्विच बंद करावा. खरखर थांबली तर चोर घरातच आहे: स्वस्त एलईडी दिवा, चार्जर किंवा सौर पॅनेलचा नियंत्रक. तार त्यांच्यापासून दूर परसाच्या टोकाला नेली की बराच फरक पडतो.

एका बाबतीत मात्र तडजोड नाही. महावितरणच्या तारांपासून खांब इतका दूर हवा की तो कोणत्याही दिशेने कोसळला तरी त्यांना शिवणार नाही. खांबाच्या उंचीच्या दीडपट अंतर हा किमान नियम धरावा. ओला बांबूही वीज वाहतो, लोखंडी पाइपाची तर गोष्टच सोडा. विजा कडाडायच्या आधी केबल सेटपासून काढून घराबाहेर ठेवावी. अर्थिंगचा गज जमिनीत असावा, पण वीज पडली तर तो सेट वाचवेल या भरवशावर राहू नये. ढग जमले की रेडिओ बंद, पुराच्या दिवशीसुद्धा. कडकडाट थांबल्यावर पुन्हा जोडून बोलता येते.

परवान्याचा विषय गडचिरोलीत अधिक जपून हाताळावा लागतो. सरकारला तारेची धास्ती जुनी आहे. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच हौशी परवाने रद्द झाले, आणि १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला तो ४२.३४ मीटरवर, म्हणजे आजच्या याच हौशी पट्ट्यात. माओवादी हिंसाचार पाहिलेल्या जिल्ह्यात छतावरची अनोळखी तार पाहून पोलिसांनी विचारणा केली तर त्यात वावगे काही नाही. दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची परीक्षा वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते, आणि खालच्या श्रेणीसाठी मोर्सची अट नाही. नियम, थोडी वीजविद्या आणि संपर्काची रीत एवढा अभ्यास पुरतो. परवान्यासाठी पोलीस पडताळणी होते, तिला वेळ लागतो, तो धरूनच चालावे. परवाना हाती येईपर्यंत ऐकावे, बोलू नये. आल्यावर त्याची प्रत ठाण्यात स्वतः नेऊन द्यावी आणि बीट अंमलदाराला तार दाखवावी. ज्या माणसाला ठाणेदार नावाने ओळखतो, त्याच्याकडेच पुराच्या रात्री निरोप येतो.

रात्रीचा उल्लेख आला म्हणून सांगायला हवे की सूर्य मावळल्यावर तो वरचा आयनांचा थर विरळ होतो आणि चाळीस मीटरची लहर जवळ उतरेनाशी होते. तेव्हा ३.५ मेगाहर्ट्झचा ऐंशी मीटरचा पट्टा लागतो आणि तार दुप्पट, चाळीस मीटरची. ती प्रत्येक घराला झेपणार नाही. संस्थेच्या आवारात मात्र सहज मावते.

म्हणून आमची विनंती संस्थांना आहे. गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ आणि चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांनी संस्थेच्या नावाने एकेक केंद्राचा परवाना घ्यावा. दोन तारा, एक सेट, एक बॅटरी आणि परीक्षा उत्तीर्ण झालेले पाच-सहा विद्यार्थी, यापलीकडे काही लागत नाही. अहेरी, भामरागड, सिरोंच्याच्या शिक्षकांतून, निवृत्त तंत्रज्ञांतून तालुक्याला दोन परवानेधारक तयार करावेत आणि दर रविवारी सकाळी ठरलेल्या वेळी सर्वांनी एकमेकांना हाक द्यावी. परीक्षेचे अर्ज या हिवाळ्यात भरावेत आणि बांबू तेव्हाच तोडून ठेवावेत. तारा मृगाचा पाऊस पडण्याआधी चढल्या पाहिजेत.